वही वाचावी कशी?
व्यापारातील निर्णयासाठी हिशेबाचा अभ्यास

दीपावलीच्या अमावास्येस आपण वहीची पूजा करतो. भगवान महावीरांच्या निर्वाणाचा तो दिवस. दुसऱ्या दिवशी, कार्तिक शुद्ध प्रतिपदेस, वीर संवताचे नवे वर्ष लागते आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक उमटते. प्राप्तिकरासाठी १ एप्रिल ते ३१ मार्च हेच वर्ष धरण्याचा नियम १९८९-९० च्या आकारणी वर्षापासून सर्वांस लागू झाला आणि बहुतेक दुकानांतील हिशेब आता संगणकात गेला. तरी पूजेचा हा प्रघात सुटलेला नाही, व तो सुटूही नये. परंतु ज्या वहीची आपण पूजा करतो ती आपण वाचतो काय? हा प्रश्न आम्ही इतरांस विचारण्यापूर्वी स्वतःस विचारला पाहिजे, कारण तो आम्हांस फार महाग पडलेला आहे.

आमची पेढी डिचोलीच्या बाजारात आहे. लोखंडी सामान, पत्रे, नटबोल्ट, दोरखंड, रंग असा आमचा माल. डिचोली, बोर्डे, लामगाव, मुळगाव, मये, शिरगाव या भागात खनिजाच्या खाणी. तेथील माल टिप्परांतून नदीकाठच्या धक्क्यांवर जाई व तेथून बार्जांतून मांडवीमार्गे मुरगावास. या एका व्यवहारावर टिप्परवाले, गॅरेजवाले, टायरवाले, खानावळी व आमच्यासारखे दुकानदार असे सर्वच अवलंबून होते. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. रस्त्यावरचे टिप्पर एकाएकी थांबले.

त्याच वर्षी नोव्हेंबरात लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वडिलांनी रिवाजाप्रमाणे आकडे वाचून दाखविले. चालू हिशेबाप्रमाणे नफा ५,४०,००० रुपये होता. सर्वांस समाधान वाटले. तेव्हा वाणिज्य शाखेत शिकणारी आमची कन्या वहीत डोकावून म्हणाली, "आजोबा, नफा एवढा आहे, तर तो कपाटात का नाही?" कोणी उत्तर दिले नाही. उधारीचे पान उलटले तेव्हा लोकांकडे येणे ३१,००,००० रुपये निघाले, आणि त्यांतील बहुतेक ज्यांचे टिप्पर उभे होते त्यांच्याकडे होते. वही खोटी नव्हती. तिच्यातील प्रत्येक नोंद खरी होती. परंतु आम्ही तिला जो प्रश्न विचारावयास हवा होता तो कधीच विचारला नव्हता. त्या रात्रीपासून जे थोडेबहुत शिकलो, ते आपल्या व्यापारी बंधुभगिनींपुढे व विशेषतः घरातील तरुण मुलामुलींपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दोन प्रकारचे हिशेब

हिशेबाचे शास्त्र आपणांस परके नाही. नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळी महावीराचार्य या जैन गणितज्ञाने 'गणितसारसंग्रह' हा ग्रंथ रचला. त्यात व्याज, भागीदारीतील वाटणी व मिश्र व्यवहार यांची उदाहरणे आहेत. म्हणजे व्यापाऱ्याचे प्रश्न हे विद्वानांच्या विचाराचे विषय होते. युरोपात जमा-नावेच्या दुहेरी नोंदीची पद्धत लुका पाचोली या धर्मगुरूने १४९४ मध्ये वेनिस येथे छापलेल्या ग्रंथात मांडली. आमच्या घरच्या जुन्या कपाटात आजोबांच्या वह्या आहेत. त्यांत आधी पोर्तुगीज अमदानीतील रुपया, मग एस्कुद आणि १९६१ च्या मुक्तीनंतर भारतीय रुपया अशी तीन नाणी आढळतात. नाणी बदलली, परंतु नोंदीची शिस्त बदलली नाही.

ही सर्व नोंद झालेल्या गोष्टींची आहे. काय विकले, काय घेतले, कोणाकडे किती येणे, कोणास किती देणे, हे ती सांगते. सरकारास, बँकेस व भागीदारास तेवढेच हवे असते. परंतु दुकानाच्या मालकास आणखी एक गोष्ट हवी असते. उद्या अमुक केले तर काय होईल, आणि न केले तर काय होईल? या प्रश्नासाठी त्याच आकड्यांची निराळी मांडणी करावी लागते. तिला व्यवस्थापकीय लेखांकन असे भारदस्त नाव आहे. मूळ कल्पना मात्र साधी आहे.

इंग्लंडमधील प्रसिद्ध कुंभकार जोसाया वेजवूड यास ही कल्पना संकटातच सुचली. १७७२ मध्ये बाजार बसला, त्याचा माल पडून राहिला, तेव्हा तो एकेका भांड्याचा खर्च काढावयास बसला. त्याच्या ध्यानात आले की कित्येक खर्च माल थोडा होवो की फार होवो, घड्याळाच्या काट्याप्रमाणे चालूच राहतात. आपल्या देशात या विद्येच्या शिक्षणासाठी १९४४ मध्ये संस्था निघाली व १९५९ मध्ये संसदेने तिच्यासाठी कायदा केला. मोठे कारखाने त्या विद्येच्या पदवीधरांस नोकरीस ठेवतात. लहान दुकानदारास ते परवडत नाही; परंतु त्याने स्वतः शिकावयास कोणाची हरकत नाही.

पहिला पाठ : स्थिर खर्च आणि बदलता खर्च

सर्व खर्चांची दोन राशींत वाटणी करावी. विक्री वाढली की वाढतो व घटली की घटतो तो बदलता खर्च. मालाची खरेदी, वाहतूक व हमाली या राशीत येतात. विक्री काहीही असो, महिना संपला की द्यावाच लागतो तो स्थिर खर्च. भाडे, पगार, विजेचा ठराविक आकार व कर्जाचे व्याज हे त्यात मोडतात. विक्रीतून बदलता खर्च वजा जाता जे उरते त्यास आपण या लेखापुरते 'उरावा' म्हणू. उराव्यातून प्रथम स्थिर खर्च भागतो आणि मगच नफ्याचा आरंभ होतो.

एक उदाहरण घेऊ. दुकानाची मासिक विक्री ६,००,००० रुपये आहे. बदलता खर्च शेकडा ८२, म्हणजे ४,९२,०००. उरावा १,०८,०००. भाडे २५,०००, पगार ४२,०००, वीज व दूरध्वनी ६,००० आणि व्याज ११,००० मिळून स्थिर खर्च ८४,०००. नफा राहिला २४,०००.

आता विक्री चौथ्या हिश्शाने घटून ४,५०,००० झाली असे समजा. साधारण माणसास वाटते की नफाही चौथ्या हिश्शाने घटेल व १८,००० राहील. प्रत्यक्षात उरावा ८१,००० होतो, स्थिर खर्च ८४,००० च राहतो आणि दुकान ३,००० रुपये तोट्यात जाते. म्हणजे विक्रीचा एक चतुर्थांश गेला की नफा सर्वच्या सर्व जातो.

ना नफा ना तोटा अशी विक्री किती, हे काढणे सोपे आहे. स्थिर खर्चास शंभर रुपयांच्या विक्रीमागे राहणाऱ्या उराव्याने भागावे व शंभराने गुणावे. येथे ८४,००० ला १८ ने भागून १०० ने गुणले की सुमारे ४,६६,७०० येतात. हा आकडा प्रत्येक दुकानदारास आपल्या जन्मतारखेप्रमाणे पाठ असावा. २०१२ पूर्वीच्या चांगल्या वर्षांत आम्ही एक नोकर वाढविला, एक गुदाम भाड्याने घेतले आणि एक टेम्पो कर्जाने घेतला. प्रत्येक वेळी विक्री वाढतच होती, म्हणून हा आकडाही वर वर सरकत आहे हे आमच्या ध्यानात आले नाही. विक्री उतरली, आकडा तेथेच राहिला.

दुसरा पाठ : पावसाळ्यात दुकान बंद करावे काय?

आता पेडणे तालुक्याकडे वळू. हरमल, मांद्रे, मोरजी या किनाऱ्यावरच्या गावांत पर्यटकांच्या हंगामावर चालणारी दुकाने आहेत. जून लागला की शॅक उठतात, पाहुणे जातात आणि दुकानदार विचार करू लागतो की सप्टेंबरपर्यंत कुलूप लावावे की काय.

समजा, पावसाळ्यातील मासिक विक्री १,२५,००० आहे आणि उरावा शेकडा १६, म्हणजे २०,०००. भाडे १५,०००, नोकराचा पगार १३,५०० व वीज १,५०० मिळून खर्च ३०,०००. वही सांगते की दरमहा १०,००० तोटा. तेव्हा दुकान बंद करावे, असा निर्णय बहुतेक जण घेतील.

परंतु थांबून विचारावे की बंद केल्याने यांपैकी कोणता पैसा वाचेल. पगार व वीज वाचेल. भाड्याचा करार वर्षाचा असेल, तर १५,००० द्यावेच लागतील. दुकान उघडे ठेवले तर तोटा १०,००० आणि बंद केले तर तोटा १५,०००. उघडे ठेवण्यात दरमहा ५,००० चे व चार महिन्यांत २०,००० चे हित आहे. शिवाय शिकविलेला नोकर हातचा जात नाही आणि गावातील बारमाही गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दाराशी वळत नाही. याच्या उलट, करार महिन्याचा असून जागा सोडता येत असेल, तर बंद करणेच शहाणपणाचे. कारण मग तिन्ही खर्च वाचतात. आकडे तेच असूनही निर्णय उलटा झाला, तो केवळ कराराच्या एका कलमामुळे.

या अभ्यासाचे सार या एका उदाहरणात आहे. कोणताही निर्णय घेताना जो पैसा त्या निर्णयामुळे बदलेल तोच मोजावा. जो दोन्ही बाजूंनी तेवढाच राहणार आहे तो बाजूस ठेवावा.

तिसरा पाठ : कमी भावाची मागणी आणि उधारी

एका हॉटेलकडून मागणी येते की दरमहा तांदळाच्या १०० गोणी हव्यात, परंतु भाव १,३१० रुपये. आपला नेहमीचा भाव १,४०० आहे. खरेदी व वाहतूक धरून गोणी १,२५० ला पडते. दुकानाच्या स्थिर खर्चाचा वाटा प्रत्येक गोणीवर ९० धरला तर ती १,३४० ला पडली असे वहीवरून दिसते. (कराचा विचार येथे सोयीसाठी बाजूस ठेवला आहे.) १,३४० ची वस्तू १,३१० ला देणे म्हणजे गोणीमागे ३० चा तोटा, असे म्हणून मुनीम नकार देईल.

दुसऱ्या पाठाप्रमाणे पाहता हा नकार बरोबर नाही. भाडे व पगार हे ही मागणी घेतली तरी तेवढेच आणि न घेतली तरी तेवढेच. तेव्हा ते ९० रुपये मोजावयाचे नाहीत. गोणीमागे उरावा ६० आणि शंभर गोणींचा ६,०००. म्हणून मागणी घ्यावी असे वाटू लागते.

येथेही घाई नको. माल पोहोचविण्याचा खर्च या मागणीमुळेच होणार आहे. तो १,५०० धरू. हॉटेल पैसे साठ दिवसांनी देणार आहे. म्हणजे दोन महिन्यांच्या मालाचे २,५०,००० रुपये नेहमी त्यांच्याकडे अडकून राहणार. दरसाल दरशेकडा १२ प्रमाणे त्यांचे मासिक व्याज २,५०० झाले. हे दोन्ही वजा जाता हाती राहतात २,०००. साठाचे नव्वद दिवस झाले तर व्याज ३,७५० होते व राहतात अवघे ७५०.

आणि एकाच महिन्याचे बिल बुडाले तर? आपल्या खिशातून गेलेले १,२५,००० भरून काढावयास, दरमहा २,००० प्रमाणे, बासष्ट महिन्यांहून अधिक काळ लागेल. पाच वर्षे गोणी वाहून आपण पुन्हा जेथे होतो तेथे येणार. रोखीने किंवा आठ दिवसांच्या मुदतीने हीच मागणी आली तर ती चांगली आहे. उधारी मोठी व हमी काही नाही, तर ती न घेणे बरे. शिवाय नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या कानी हा भाव गेला व तेही तोच मागू लागले, तर होणारे नुकसान निराळेच. वस्तू व सेवा कर तर बिल फाडले की देणे लागतो. त्याला गिऱ्हाइकाचे पैसे आले की नाही याच्याशी कर्तव्य नसते.

उधारी देताना आपण माल देतो असे आपणांस वाटते. वस्तुतः आपण बिनव्याजी कर्ज देत असतो. २०१२ साली आमचे ३१ लाख लोकांकडे होते. शेकडा १२ ने त्यांचे वर्षाचे व्याज ३,७२,००० होते. वहीतील ५,४०,००० च्या नफ्यातून ते वजा केले असते तर आमचे खरे उत्पन्न पुष्कळ आधी ध्यानात आले असते. टिप्परवाल्यांचा यात दोष नव्हता. ते नेहमी पैसे देणारे लोक होते. सर्वांची उधारी एकाच धंद्याच्या आधारावर उभी आहे, हे पाहणे आमचे काम होते व ते आम्ही केले नाही.

चौथा पाठ : गेलेला खर्च

२०११ साली आम्ही जे गुदाम भाड्याने घेतले त्यात लोखंडी मांडण्या, शटर व विजेची व्यवस्था यांवर ४,००,००० रुपये खर्च केले होते. खाणी थांबल्यावर त्या गुदामाची गरज उरली नाही. भाडे दरमहा १८,००० होते आणि महिन्याची सूचना देऊन जागा सोडता येत होती. तरीही, "चार लाख घातले आहेत, ते सोडून कसे जावयाचे?" असे म्हणत आम्ही चौदा महिने भाडे भरले. चार लाख वाचविण्याच्या नादात आणखी २,५२,००० गेले, आणि चार लाख परत आले नाहीत ते नाहीतच. मांडण्या शेवटी भंगाराच्या भावाने विकल्या.

जो पैसा कोणत्याही निर्णयाने परत येणार नाही, त्याला नव्या निर्णयात जागा देऊ नये. खर्च करण्यापूर्वी तो पुरता मोजावा. करून झाल्यावर त्याचा शोक आवरावा. पुस्तकात हा नियम दोन ओळींत वाचून होतो, परंतु वडिलांनी स्वतः उभे राहून बसविलेल्या मांडण्या काढताना तो पाळणे फार जड जाते. तरुणांनी वडीलधाऱ्यांस आकडे दाखवावे, पण आदराने दाखवावे. त्या खर्चात त्यांची उमेदही गुंतलेली असते.

पाचवा पाठ : वहीत न लिहिलेला खर्च

याच्या उलट, असेही खर्च असतात की जे वहीत कोठेच नसतात आणि तरी खरे असतात. स्वतःच्या मालकीच्या जागेत दुकान असेल तर भाडे लिहिले जात नाही. परंतु ती जागा दुसऱ्यास दिली असती तर भाडे आले असते. दोन भाऊ सकाळी आठ ते रात्री नऊ दुकानात बसतात आणि त्यांचा पगार लिहिला जात नाही. घरातील स्त्रिया माल निवडतात, पुड्या बांधतात, दुपारी गल्ल्यावर बसतात. त्यांच्या श्रमाची नोंद तर कोणीच करीत नाही. ही सर्व रक्कम वजा केली तर पुष्कळ दुकानांचा नफा म्हणजे घरच्या माणसांची मजुरीच असते. मजुरीने उपजीविका करणे यात कमीपणा काहीच नाही. पण मजुरीस नफा समजून त्यावर कर्ज काढणे धोक्याचे आहे.

पेडण्याच्या संबंधाने हा विचार आज विशेष अगत्याचा आहे. मोपा येथील विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले व ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने जाऊ-येऊ लागली. धारगळपासून पत्रादेवीपर्यंतच्या महामार्गावर दुसरे दुकान काढावे असे डिचोलीतील व्यापाऱ्यासही वाटू लागले. विचार वाईट नाही. आकडे मांडून पाहू.

भाडे ४०,०००. दोन नोकर ३०,०००. वीज ५,०००. लाकूडकाम व मांडणीचे ६,००,००० पाच वर्षांत विभागले तर महिन्यास १०,०००. अनामत रक्कम २,४०,०००, तिचे मासिक व्याज २,४००. एकूण ८७,४००. धाकटा भाऊ तेथे बसणार. तो डिचोलीच्या दुकानातून उठला की तेथे माणूस ठेवावा लागेल, त्याचे २०,०००. असे १,०७,४०० झाले. उरावा शेकडा १६ असेल तर ना नफा ना तोटा विक्री ६,७१,२५० येते. महिन्यास सव्वीस दिवस धरले तर रोजची सुमारे २५,८००. सरासरी बिल ३५० चे धरले तर रोज चौऱ्याहत्तर गिऱ्हाइके आली पाहिजेत. आणि ती केवळ बरोबरी साधण्यासाठी.

आता ज्योतिषास विचारण्याचे कारण उरले नाही. त्या रस्त्यावर एक दिवस बाजाराचा व एक दिवस साधा, एक पावसाळ्यातला व एक हंगामातला, असे चार दिवस उभे राहावे आणि जवळच्या दुकानांत किती माणसे शिरतात ती मोजावी. रस्त्याने मोटारी किती जातात हे मोजून उपयोग नाही. थांबतात किती हे पाहावे. चौऱ्याहत्तर हा आकडा हाती असला म्हणजे पाहण्यास अर्थ येतो. त्याच्यावाचून पाहिले तर गर्दी नेहमी पुरेशीच वाटते.

एक पानाचे टिपण

आमच्या पेढीत आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक पान लिहिले जाते. त्यावर पाच गोष्टी असतात. या महिन्याची ना नफा ना तोटा विक्री किती आणि प्रत्यक्ष विक्री किती? उधारी किती, आणि तिच्यातील सर्वांत मोठा हिस्सा कोणत्या एका धंद्यावर अवलंबून आहे? सहा महिन्यांत न हललेला माल किती रुपयांचा? विक्री थांबली तर हाती असलेल्या रोकडीवर स्थिर खर्च किती महिने भागेल? आणि या महिन्यात जो निर्णय घ्यावयाचा आहे, त्यामुळे कोणता पैसा बदलेल? हे पान लिहिण्यास तासभर लागतो. घरातील सर्वांनी मिळून ते लिहावे, असा आमचा आग्रह आहे.

२०१८ साली, १६ मार्चपासून, न्यायालयाच्या निकालामुळे खाणी पुन्हा थांबल्या. बाजार पुन्हा ओस पडला. परंतु त्या वेळी आमची उधारी नऊ लाखांची होती आणि तिचा चौथा हिस्साच खाणीशी संबंधित होता. हाती पाच महिन्यांचा स्थिर खर्च होता. एक टिप्परवाला, ज्याच्या मुलीची शाळेची फी थकली होती, तो हिशेब मिटवावयास वेळ मागू लागला. आम्ही पान काढून पाहिले आणि त्यास एका वर्षाची मुदत दिली. दुसऱ्या एकाचे अर्धे येणे सोडून दिले. २०१२ साली अशी मुदत देणे आम्हांस शक्यच नव्हते. आम्ही स्वतःच बँकेच्या दारात उभे होतो. त्या वर्षी लोकांना आम्ही कठोर वाटलो असू. वास्तविक आम्ही केवळ घाबरलेले होतो. हिशेब माणसास कंजूष करतो असा एक समज आहे. आमचा अनुभव निराळा आहे. किती सोडून देता येईल हे ज्याला ठाऊक असते, तोच काही सोडून देऊ शकतो.

डिसेंबर २०२२ मध्ये डिचोलीच्या खनिजपट्ट्याचा लिलाव झाला व पुढे तेथे पुन्हा काम सुरू झाले. तालुक्यात थोडा उत्साह आला आहे. पेडण्यात तर तो अधिकच आहे. चांगले दिवस येत असता असे रुक्ष विषय काढणे कोणास रुचणार नाही. परंतु स्थिर खर्च वाढतात ते चांगल्या दिवसांतच, आणि उधारीची सवय लागते तीही चांगल्या दिवसांतच. म्हणून अभ्यासाची वेळ हीच होय.

घरी सोडविण्यासाठी एक उदाहरण

एका दुकानाची मासिक विक्री ४,००,००० आहे. बदलता खर्च शेकडा ८० व स्थिर खर्च ६०,०००. (१) नफा किती? (२) ना नफा ना तोटा विक्री किती? (३) शेजारी नवे दुकान निघाले म्हणून मालक सर्व मालावर शेकडा ५ सूट देऊ इच्छितो. नफा तेवढाच राहावा यासाठी किती अधिक माल विकावा लागेल?

उत्तरे : (१) २०,०००. (२) ३,००,०००. (३) जुन्या भावाच्या शंभर रुपयांच्या मालावर उरावा २० होता, तो सूट दिल्यावर १५ राहिला. ८०,००० चा उरावा मिळविण्यासाठी जुन्या भावाने सुमारे ५,३३,००० चा, म्हणजे एक तृतीयांश अधिक, माल विकावा लागेल. "पाचच टक्के तर सूट द्यावयाची" असे म्हणणाऱ्याने हे तिसरे उत्तर दोनदा वाचावे.

येत्या दीपावलीस वहीवर स्वस्तिक काढल्यावर ती लगेच मिटू नये. घरातील सर्वांत लहान शिकलेल्या मुलास किंवा मुलीस जवळ बसवावे आणि म्हणावे, "विचार, तुला काय विचारावयाचे ते." आमच्या घरी एका मुलीने विचारलेल्या प्रश्नाने आम्ही वही वाचावयास शिकलो. तो प्रश्न थोडा आधी विचारला गेला असता तर बरे झाले असते.